एका आजाराने वसवलेलं गाव : सॅरनॅक लेकबद्दल कोणी सांगेल का?

पायवाट

नमस्कार मंडळी. पाश्चात्त्य संगीत ऐकायला लागून मला फार दिवस झाले नाहीत. सध्या बेला बार्टोक हा हंगेरियन संगीतकार ऐकतोय. ऑर्केस्ट्रासाठीचा त्याचा कॉन्चेर्टो (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) त्याने १९४३ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या दोन महिन्यांत लिहिला, आणि तोही आजारपणात, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांतल्या सॅरनॅक लेक नावाच्या गावी. गावाचं नाव कधी ऐकलं नव्हतं म्हणून शोधायला बसलो, तर माणसं निघतच गेली. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८७-८८ चा हिवाळा तिथेच काढला. ख्रिस्टी मॅथ्युसन हा बेसबॉलचा मोठा खेळाडू १९२५ साली तिथेच वारला. फिलिपिन्सचे अध्यक्ष मॅन्युएल केसॉन १ ऑगस्ट १९४४ रोजी तिथेच गेले. एवढ्याशा गावात ही सगळी मंडळी गोळा का झाली?

उत्तर लगेच मिळालं. टीबी, आणि टीबीचं सॅनेटोरियम. पण माझं समाधान झालं नाही. टेकडीवर एक दवाखाना असतो आणि खाली गाव आपलं जगत असतं, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. वाचताना मात्र वाटत राहिलं की इथे प्रकार वेगळा आहे. गावातल्या लोकांना भीती नव्हती का वाटत? आपल्या घरात खोकणारा माणूस कोण ठेवून घेईल? आणि औषध निघाल्यावर त्या गावाचं झालं काय? कोणी तिथे राहून आलं असेल, काम केलं असेल, तर सविस्तर लिहा. मला घाई नाही.

ओळंबा

धागा दिसला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. जुन्या इमारतींची मापं घेऊन त्यांचे नकाशे तयार करणं हा माझा व्यवसाय. त्यासाठी सॅरनॅक लेकमध्ये मी सलग चौदा महिने राहिले, दोन हिवाळे पाहिले. काम होतं पडव्या मोजायचं. तिथे त्यांना पोर्च म्हणतात, पण मी तुम्हाला पडवीच म्हणून सांगते, कारण घराचा तो भाग ना धड आत असतो ना धड बाहेर, आणि या गावाची सगळी गोष्ट त्या अर्ध्या आत, अर्ध्या बाहेरच्या जागेत घडली आहे.

आधी त्या डॉक्टरबद्दल सांगायला हवं. एडवर्ड लिव्हिंगस्टन ट्रूडो, जन्म १८४८. कोवळ्या वयात त्याने आपल्या थोरल्या भावाची शुश्रूषा केली. भावाला क्षय झाला होता. ट्रूडो त्याच्याच खोलीत झोपायचा, आणि डॉक्टरांची सक्त ताकीद होती की खिडकी उघडायची नाही, वाऱ्याने खोकला वाढेल. भाऊ काही महिन्यांत गेला. पुढे ट्रूडो स्वतः डॉक्टर झाला आणि १८७३ साली त्यालाही क्षय असल्याचं निदान झालं. मरायचंच आहे तर आवडत्या रानात मरावं, म्हणून तो अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये आला. इतका खंगलेला होता की एका वाटाड्याने त्याला उचलून जिना चढवला आणि म्हणाला, डॉक्टर, तुमचं वजन वाळलेल्या कोकराच्या कातड्याएवढंही नाही. तो मेला नाही. आणखी बेचाळीस वर्षं जगला. बंद खिडकीआड भावाला मरताना पाहिलेल्या या माणसाने पुढे अख्ख्या गावाच्या खिडक्या उघडायला लावल्या. हे मी जेव्हा पहिल्यांदा जोडून पाहिलं तेव्हा मापाची फीत हातातच राहिली होती.

१८७६ मध्ये तो सॅरनॅक लेकला राहायला आला तेव्हा तिथे एक लाकडाची गिरणी, एक लहान हॉटेल, एक शाळा आणि वाटाड्यांची डझनभर घरं, एवढंच होतं. तिकडे जर्मन सायलेशियात हर्मन ब्रेमर हा डॉक्टर रोग्यांना डोंगरावर उघड्या हवेत ठेवतो, हे त्याने १८८२ मध्ये वाचलं. त्याच वर्षी रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. मग वाटाड्यांनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढून ट्रूडोला सोळा एकर जमीन घेऊन दिली. पायवाट, तुमच्या भीतीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. सॅनेटोरियमची जमीन गावाने दिलेली आहे. तिथे १८८४ मध्ये 'लिटल रेड' नावाची लाल रंगाची झोपडी उभी राहिली. एक खोली, पुढे चिमुकली पडवी. न्यूयॉर्कच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन बहिणी पहिल्या रोगी म्हणून आल्या. आठवड्याला ५ डॉलर घ्यायचे असं ठरलं, आणि खरा खर्च त्याहून जास्त यायचा. उरलेले पैसे ट्रूडो श्रीमंत ओळखीच्यांकडून मागून आणायचा. झोपडी आजही जपून ठेवलेली आहे.

आता मुख्य मुद्दा. सॅनेटोरियममध्ये प्रवेश मिळायचा तो फक्त रोग नुकता सुरू झालेल्यांना, ज्यांची बरं होण्याची आशा होती त्यांना. जागाही थोड्या. पण नाव देशभर झालं होतं, आणि १८८७ पासून आगगाडी थेट गावात यायला लागली होती. गाडीतून उतरणाऱ्यांपैकी कित्येकांना टेकडीवर जागा नसायची, किंवा 'आता उशीर झाला' म्हणून घेतलं जायचं नाही. ही माणसं जाणार कुठे? ती गावात राहिली, लोकांच्या घरात. गावाने त्यांच्यासाठी घरं बदलली. सॅनेटोरियमने जेवढं गाव घडवलं, तेवढंच, माझ्या मते त्याहून जास्त, सॅनेटोरियमने नाकारलेल्यांनी घडवलं.

या घरांना 'क्युअर कॉटेज' म्हणत, म्हणजे उपचाराची घरं. रोग्याने दिवसाचे आठ-आठ तास उघड्या पडवीत पडून राहायचं, थंडी उणे तीस अंशांवर गेली तरी. लोकरीचे थर, फरचा कोट, पायाशी गरम केलेला दगड, आणि लांब पाठीची, रुंद हातांची लाकडी खुर्ची, 'क्युअर चेअर'. तिच्यावर जाड गादी. याला तिथली माणसं 'क्युअरच्या मागे लागणं' म्हणायची. एका घराला एक पडवी असेल तर भाडेकरू वाढवण्यासाठी दुसरी, तिसरी जोडायची. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यावर, मागच्या जिन्यावर. म्हणून तिथली घरं बाहेरून पाहिली तर खण जास्त काढलेल्या कपाटासारखी दिसतात. ही घरं काढणारे वास्तुविशारदही आधी रोगी म्हणूनच आलेले होते. विल्यम कूल्टर क्षय घेऊन आला आणि १९०७ मध्ये वारला. मधल्या दहाएक वर्षांत त्याने गाव भरून घरं काढली. विल्यम स्कोप्स आणि त्याचा भागीदार फॉइस्टमन हे दोघंही रोगीच. खाटेवर पडल्या पडल्या काय दिसतं आणि काय बोचतं, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

एक घर नीट सांगते. मी मापलेल्या घरांपैकी ते माझं सर्वांत लाडकं. वरच्या मजल्यावरच्या खोलीतून पडवीत जायचा दरवाजा नेहमीच्या दरवाज्यापेक्षा हातभर रुंद, कारण खाट चाकांवरून ढकलत बाहेर न्यायची. उंबरठा नाहीच. जमिनीच्या लाकडी फळ्यांवर, खोलीच्या मधोमधपासून दरवाज्यापर्यंत, दोन समांतर चऱ्या पडलेल्या. बोट फिरवलं तर नख अडकेल एवढ्या खोल. लोखंडी चाकांनी वर्षानुवर्षं सकाळी एकदा आणि रात्री एकदा पाडलेल्या. पडवीच्या खिडक्या खाली सरकवून भिंतीच्या पोटात जातात. त्यांची खालची कड जमिनीपासून फार वर नाही. मला आधी वाटलं की फीत धरून मी चुकीचं माप लिहिलं, मग जमिनीवर आडवी पडले आणि कळलं. त्या उंचीवरून रस्ता दिसतो. आडव्या माणसाला शेजारच्या घरासमोरून जाणारी गाडी, शाळेतून येणारी मुलं दिसावीत म्हणून ती कड तिथे आहे. भिंतीत, उशीच्या जागी, घंटेचं बटण. त्यावर रंगाचे इतके हात चढलेले की बटण आहे हे चाचपूनच कळतं.

घराच्या मालकीण ऐंशीच्या पुढच्या. त्यांची आई हे कॉटेज चालवायची. बहुतेक कॉटेज बायकाच चालवायच्या, त्यातल्या कितीतरी विधवा, कितीतरी स्वतः बऱ्या झालेल्या रोगी. गावातला हा सगळ्यात मोठा धंदा बायकांच्या हातात होता. या आजी सांगत होत्या की आई दिवसातून तीन वेळा ताटं वर न्यायची. जे उठू शकायचे ते खाली टेबलाशी जेवायचे, बाकीचे 'ट्रेवाले'. शिवाय मधल्या वेळेला दूध आणि कच्ची अंडी. मोरीत रोज भांडी उकळायची. पुठ्ठ्याची पिकदाणी पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असायची, ती भरली की भट्टीत जाळायची, आणि मुलांनी तिला हात लावला तर मार ठरलेला. दुपारी दोन ते चार गावात आवाज करायचा नाही, तो विश्रांतीचा वेळ. 'आमचा लपंडाव कुजबुजत चालायचा,' असं त्या म्हणाल्या. खोकल्यावरून कोण जागं आहे ते त्यांना कळायचं, आणि एखाद्या सकाळी एक खोकला कमी ऐकू आला तर विचारायचं नाही, हेही कळायचं.

म्हणजे भीती होती. पण तिला गावाने शिस्तीत बांधलं होतं. रस्त्यावर थुंकायला बंदी. रोगी गेला किंवा वारला की खोली धुरी देऊन शुद्ध केल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही. आणि नऊ मैलांवरच्या लेक प्लॅसिडमध्ये काय होतं तेही सांगते, म्हणजे फरक लक्षात येईल. तिथे मेल्विल ड्युईचा (ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणाचा तोच) मोठा क्लब होता. त्या क्लबात क्षयरोग्यांना प्रवेश नव्हता, ज्यूंनाही नव्हता. एकाच डोंगरात, एकाच हवेत, एका गावाने दार लावलं आणि दुसऱ्याने दार रुंद केलं. हे मी अक्षरशः म्हणते आहे. मी ते दार मोजलं आहे.

बाकीचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, हा फार लांबला.

स्टेथो

ओळंबाताई, सुंदर लिहिलंत. मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे, रोज टीबीचे रुग्ण पाहतो, म्हणून थोडी भर घालतो आणि एक इशाराही देतो.

भर अशी. ट्रूडोने केलेला सशांचा प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात वाचण्यासारखा आहे. पंधरा ससे, पाच-पाचचे तीन गट. पहिल्या गटाला जंतू टोचून अंधाऱ्या, ओल्या जागी कोंडलं. दुसऱ्याला न टोचता तसंच कोंडलं आणि खायलाही कमी दिलं. तिसऱ्याला जंतू टोचून एका बेटावर मोकळं सोडलं, भरपूर खायला दिलं. पहिल्यातले चार मेले. दुसऱ्यातले खंगले, पण क्षय एकालाही झाला नाही. तिसऱ्यातला एक मेला, चार तगले. म्हणजे वाईट परिस्थिती एकटी क्षय आणत नाही, जंतू लागतोच. पण जंतू आल्यावर तुम्ही कसे जगता याने फरक पडतो. १८८० च्या दशकात, साध्या साधनांनी, हे इतकं स्वच्छ मांडणं सोपं नव्हतं. त्याची घरातली प्रयोगशाळा १८९३ मध्ये जळाली, आणि १८९४ मध्ये गावात दगडी सॅरनॅक प्रयोगशाळा उभी राहिली. केवळ क्षयाच्या संशोधनासाठी बांधलेली ती अमेरिकेतली पहिली.

इशारा असा की थंड हवेने टीबी बरा होतो असा समज कोणीही घेऊ नये. विश्रांती आणि पोटभर सकस अन्न यांनी शरीराची ताकद वाढते आणि काहींमध्ये रोग दबतो, इतकंच. सॅनेटोरियम सुरुवातीच्या अवस्थेतलेच रोगी घेत असे, हे ताईंनी सांगितलंच. त्यातले काही तसेही तगले असते, त्यामुळे सॅनेटोरियमचे आकडे जितके चांगले दिसतात तितके उपचाराचे श्रेय नाही. ट्रूडोची स्वतःची मुलगी १८९३ मध्ये क्षयाने गेली, त्याच हवेत. त्याच्या पुतळ्यावर फ्रेंचमध्ये कोरलं आहे : कधीकधी बरं करावं, बरेचदा आराम द्यावा, धीर नेहमी द्यावा. गटझन बोरग्लमने केलेला हा पुतळा १९१८ चा. ते शब्द मला शोभेचे वाटत नाहीत. औषध हातात नसलेल्या डॉक्टरने आपल्या कामाचा दिलेला तो प्रामाणिक हिशेब आहे.

आणि पायवाट, तुमच्या बार्टोकशी जुळणारी एक तारीख. त्याने कॉन्चेर्टो पुरा केला ८ ऑक्टोबर १९४३ ला. १९ ऑक्टोबर १९४३ ला न्यू जर्सीत वॅक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झने स्ट्रेप्टोमायसिन, टीबीवरचं पहिलं गुणकारी औषध, वेगळं काढलं. अकरा दिवसांचं अंतर. बार्टोकला त्याचा उपयोग झाला नसता, त्याला प्रत्यक्षात रक्ताचा कर्करोग होता. पण गावाचं भवितव्य त्या दिवशी ठरलं. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू लवकर दाद देईनासे होतात, म्हणून औषधं जोडून द्यावी लागली. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं आणि पडवीत पडून राहण्याची गरज संपली.

हिमरेषा

दाव्होसचं नाव कसं नाही आलं? स्वित्झर्लंडमधल्या त्या गावाची कुंडली जवळपास हीच. अलेक्झांडर श्पेंगलर हा जर्मन डॉक्टर १८५३ मध्ये तिथे आला. पुढे हॉल्सबुर नावाचा डच माणूस आजारी बायकोला घेऊन आला, ती वारली, पण तो राहिला आणि त्याने श्पेंगलरबरोबर मोठं उपचारगृह उभं केलं. एवढंच नाही, रोग्यांना चढ चढून यावं लागू नये म्हणून रेल्वे आणली, ती १८९० मध्ये दाव्होसला पोहोचली. आज ऱ्हेटियन रेल्वे म्हणून पर्यटक जिची छायाचित्रं काढतात तिची सुरुवात ही. थोमास मान १९१२ मध्ये तिथल्या सॅनेटोरियममध्ये असलेल्या बायकोला भेटायला गेला आणि त्या तीन आठवड्यांतून त्याची प्रचंड कादंबरी निघाली. चित्रकार किर्शनर १९१७ मध्ये आला, तो १९३८ मध्ये मरेपर्यंत तिथेच. आर्थर कॉनन डॉयलनेही बायकोच्या क्षयामुळे दाव्होस गाठलं आणि १८९४ मध्ये स्कीवरून डोंगर ओलांडला. अलेक्झांडर श्पेंगलरच्या मुलाच्या नावे १९२३ पासून आइस हॉकीचा श्पेंगलर करंडक चालू आहे.

फरक मला असा दिसतो की दाव्होसमधल्या मोठ्या इमारती सहज हॉटेलं झाल्या. दक्षिणेकडे तोंड करून असलेले सज्जे स्कीला येणाऱ्या पाहुण्यांनाही हवेच असतात. सॅरनॅक लेककडे मोठ्या इमारती कमी आणि घरं जास्त. घराचं हॉटेल होत नाही. मग पुढे काय झालं, ओळंबा?

पायवाट

अकरा दिवसांचं अंतर वाचून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. स्टेथो, आभार. ओळंबाताई, तुम्ही म्हणालात बाकीचं लिहिते, ते जरूर लिहा. मला विशेष करून हे हवंय की ही माणसं तिथे वर्ष-वर्ष पडून करायची काय? सगळंच दुःख होतं का?

ओळंबा

सगळं दुःख नव्हतं. हे मला तिथल्या आजींनी फार आग्रहाने सांगितलं आणि मीही तितक्याच आग्रहाने सांगते. विशी-तिशीतली, एरवी एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, दीड-दोन वर्षं एकत्र. प्रेमात पडणार नाहीत तर काय? नियमाने मनाई होती, म्हणून त्यांनी आपल्याला 'कझिन' म्हणायला सुरुवात केली. 'ती कोण?' 'माझी कझिन.' पुढे त्या प्रकाराचं गावात क्रियापदच झालं, 'कझिनिंग'. बरे झालेले बरेच जण परत गेले नाहीत. परत गेलं की पुन्हा रोग उलटेल ही भीती, आणि इथे कोणी खोकल्यावर अंग चोरत नाही ही सोय. ते फोटोग्राफर झाले, घड्याळजी झाले, दुकानं काढली. गावात बोलल्या जाणाऱ्या भाषा वाढल्या. एखादं कॉटेज ग्रीकांचं, एखाद्यात ज्यू पद्धतीचा स्वयंपाक, एखाद्यात क्यूबाहून आलेली स्पॅनिश बोलणारी मंडळी.

नाटक-तमाशातल्या लोकांचा क्षय हाही एक मोठा धागा. फिरत्या कार्यक्रमांत, कोंदट रंगपटांत ही मंडळी जगायची. कलाकारांचा प्रतिनिधी विल्यम मॉरिस, ज्याच्या नावाची कंपनी पुढे हॉलिवूडमध्ये मोठी झाली, तो स्वतः क्षयाने इथे आला आणि बरा झाला. व्हॉदव्हिलच्या, म्हणजे गाणी-नाच-नकलांच्या फिरत्या कार्यक्रमांच्या, कलाकारांसाठी इथे वेगळं सॅनेटोरियम बांधलं गेलं त्यामागे त्याचे कष्ट आहेत. १९३५ मध्ये विल रॉजर्स हा लोकप्रिय विनोदी नट विमान अपघातात गेल्यावर त्याचं नाव त्या इमारतीला मिळालं. पडल्या पडल्या शिकण्यासाठी १९३० च्या दशकात वर्गही निघाले, चांदीकाम, विणकाम, टंकलेखन.

आणि हिवाळी उत्सव. पहिला १८९७ मध्ये झाला. लांबलचक हिवाळ्यात माणसांची मनं खचतात, हे ओळखून. पुढच्या वर्षी बर्फाचा राजवाडा बांधला. आजही दर हिवाळ्यात लेक फ्लॉवर या तळ्याच्या गोठलेल्या पाण्यातून करवतीने लाद्या कापतात आणि गावातले लोक फुकट राबून राजवाडा उभा करतात. मधल्या फटींत गारेगार चिखलासारखा बर्फ लिंपायचा, तोच चुना. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मीही चार दिवस लिंपत होते. हातमोजा गोठून थापीला चिकटायचा. शेजारी काम करणाऱ्या सुताराच्या पणजोबांनी रोगी म्हणून आलेले असताना पडवीतून हा राजवाडा बघितलेला. ट्रूडोचा पणतू गॅरी ट्रूडो, व्यंगचित्रकार, तो १९८१ पासून या उत्सवाचा बिल्ला काढून देतो.

आपल्या वाचकांसाठी एक दुवा मुद्दाम राखून ठेवला होता. १९२६ च्या डिसेंबरात कॅनडाचा एक तापट सर्जन टेकडीवर दाखल झाला, नॉर्मन बेथ्यून. मरणार अशी त्याची खात्री. त्याने आपल्या कॉटेजच्या भिंतींवर तपकिरी कागद लावून क्षयरोग्याची जन्मापासून मरणापर्यंतची चित्रं रंगवली आणि स्वतःच्या मृत्यूचं सालही लिहून टाकलं, १९३२. मग ग्रंथालयातल्या एका पुस्तकात फुफ्फुसाभोवती हवा भरून त्याला मिटवून विश्रांती देण्याची पद्धत त्याने वाचली, ती स्वतःवर करायला डॉक्टरांना भाग पाडलं आणि बरा झाला. तोच बेथ्यून १९३८ मध्ये चीनला गेला आणि १९३९ च्या नोव्हेंबरात तिथे रक्तात जंतुसंसर्ग होऊन वारला. त्याच्या नावे निघालेल्या रुग्णालयाचे पहिले संचालक सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. दोघांची भेट झाली नाही. पण त्या टेकडीवर उभी असताना मला कोटणीसांची आठवण येणारच होती.

हिमरेषा, तुमचा प्रश्न. ट्रूडो सॅनेटोरियम १९५४ मध्ये बंद झालं. शेवटचा रोगी म्हणून बाहेर पडला लॅरी डॉयल, बेसबॉलपटू, ख्रिस्टी मॅथ्युसनचा एकाच संघातला सोबती. मॅथ्युसन १९२५ मध्ये या गावात मेला आणि त्याचा मित्र २९ वर्षांनी याच गावातून बरा होऊन निघाला. निघाला म्हणजे टेकडी उतरला, आणि गावातच राहिला, १९७४ पर्यंत. सॅनेटोरियमची जागा १९५७ मध्ये व्यवस्थापन शिकवणाऱ्या एका संस्थेने घेतली. १९६४ मध्ये ट्रूडो इन्स्टिट्यूट निघाली, तिथे रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन चालतं. पण घरांचे हाल झाले. १९३० च्या सुमारास आठ हजारांवर गेलेलं गाव आता पाच हजारांच्या आसपास आहे. सगळ्यात वाईट म्हणजे दोन पिढ्या लोकांनी हा विषय काढायचाच नाही असं केलं. घर विकायचं तर 'इथे क्षयवाले राहायचे' हे सांगायचं नाही. पडव्या पाडल्या, फायबरच्या फळ्या ठोकून बंद केल्या. १९८० मध्ये काही मंडळी एकत्र आली, घरांची नोंद झाली, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी जुनी प्रयोगशाळा संग्रहालय म्हणून उघडली. मला काम मिळालं ते याच जाणिवेतून. पाडलेल्या पडव्यांचं फार वाईट वाटतं. पुस्तकात सगळं राहील, पण आडवं पडल्यावर रस्ता किती दिसायचा हे पुस्तकात राहत नाही.

पायवाट

ताई, एकच विचारतो आणि थांबतो. त्या खोलीतल्या फळ्यांवरच्या चऱ्या अजून आहेत?

ओळंबा

आहेत. मी निघाले त्या महिन्यात आजींनी वरच्या मजल्याची जमीन घासून पॉलिश करून घेतली, कारण नातीला ती खोली हवी होती. सुतार आला तेव्हा मी तिथे होते. त्याने चऱ्या पाहिल्या आणि विचारलं, या फळ्या बदलू का, फार खराब झाल्यात. आजी म्हणाल्या, दरवाज्यापासून खाटेपर्यंतच्या फळ्यांना यंत्र लावायचं नाही, तेवढ्या हाताने पुसून दे. आता ती जमीन सगळीकडे पिवळी चकचकीत आहे आणि मधोमध एक काळपट पट्टा आहे, खाटेच्या रुंदीचा, पडवीपर्यंत गेलेला.